स्क्रू कुठला, कशात, किती लांब? ठाणे-नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

धागाकर्ती, ठाणे

दिवाळीआधीची डागडुजी सुरू झाली की हार्डवेअरच्या दुकानात एकच संवाद चालतो. ‘स्क्रू द्या.’ ‘कुठला?’ ‘साधाच.’ मग दुकानदार हाताला लागेल तो काळा स्क्रू मूठभर तोलून देतो. ज्यांच्या हातून रोज स्क्रू फिरतात त्यांनी इथे लिहावं: कशात बसवायचा, नंबर, लांबी, भोक किती आणि चुकलं तर काय होतं. घरगुती किस्से नकोत, कामाचं लिहा.

कोपरखैरणे, सुतारकाम आणि मॉड्युलर किचन

नंबरचा घोळ आधी मिटवू. 8 नंबर म्हणजे 8 मिमी नव्हे. 6 नंबर साधारण 3.5 मिमी, 8 नंबर 4.2, 10 नंबर 4.8. पाकिटावर ‘8 × 32’ असेल तर जाडी नंबरात आणि लांबी मिमीत. ‘4 × 35’ असेल तर दोन्ही मिमीत. सीएसके, म्हणजे डोकं लाकडात बुडून सपाट बसतं तो, डोक्यासकट मोजतात. पॅन हेडची लांबी डोक्याखालून.

18 मिमी प्लायवर 18 मिमी प्लाय पालथा जोडायचा तर 32 मिमी. 38 घेतलात की टोक पलीकडे सनमायका फोडून डोकावणारच. प्लायच्या कडेत जोडायचा असेल तर 50 मिमी लागतो, म्हणजे 32 मिमी कडेत जातो. तिथे 8 नंबर नको, 6 नंबर किंवा 4 मिमीचा घ्या आणि 2.5 मिमीचं भोक आधी पाडा. भोक न पाडता कडेत स्क्रू घातला की थर सुटतात. वरून दिसत नाही, पण दोन महिन्यांत शटर लोंबतं.

आता जी गोष्ट भलेभले विसरतात ती. वरच्या फळीतलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं हवं, स्क्रू त्यातून सैल गेला पाहिजे. पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही फळ्यांत पकड घेतो आणि मधे राहिलेली फट तशीच कायम करून टाकतो. कितीही आवळा, फट मिटत नाही, उलट आटे जातात. 4 मिमी स्क्रूला वरच्या फळीत 4.5 मिमी, खालच्या फळीत 2.5 ते 3. सागवानात 3 घ्या, प्लायमध्ये 2.5 चालतं.

काळा स्क्रू मुळात जिप्सम बोर्डाचा. कडक असतो, म्हणून ठिसूळही. बाजूने झटका बसला की वाकत नाही, डोकं तुटून हातात येतं. कपाटाची पाठ, तात्पुरती चौकट, फॉल्स सीलिंग यांना उत्तम. बिजागरी, ब्रॅकेट, झोपाळ्याचा हूक यांना अजिबात नाही. त्यावरचा काळा थर फॉस्फेटचा असतो, सिंकखाली तो टिकत नाही. तिथे स्टेनलेसच घाला.

ऑटो हिंजच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या आपोआप मिटणाऱ्या बिजागरीच्या, वाटीचं भोक 35 मिमी, तिचे स्क्रू 3.5 × 16. पार्टिकल बोर्डाच्या कडेत कन्फर्मॅट (अशा बोर्डासाठीचा जाड स्क्रू) 7 × 50 वापरा, त्याला कडेत 5 मिमी आणि वरच्या फळीत 7 मिमी भोक. पार्टिकल बोर्डातून एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा धरेल अशी आशा ठेवू नका. प्लायमध्ये आटे गेले असतील तर बांबूची काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर सुकू द्या, सपाट कापा आणि पुन्हा 2.5 मिमीने भोक पाडा. माचिसच्या काड्या मऊ पडतात.

वाशी, जुने दरवाजे आणि पॉलिश

सागवानाच्या दारावर पितळी बिजागरी असेल तर स्क्रूही पितळी हवा. लोखंडी घातला की ओलाव्यात लाकडाभोवती काळा डाग पसरतो, मग घासूनही जात नाही. पितळ मऊ असतं. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून आटे पाडून घ्या, तो काढा आणि मग पितळीला मेण किंवा साबण लावून हाताने आवळा. ड्रिल मशीन नको, डोकं पिळून मान तुटते आणि उरलेला तुकडा लाकडातच राहतो.

घोडबंदर रोड, फिटिंगची कामं

भिंत ओळखल्याशिवाय गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीच्या भोकात बसवायचा प्लग, घेऊ नका. वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत बहुधा वीट आणि प्लास्टर, आमच्या पट्ट्यातल्या नव्या टॉवरांत मिवानची (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) काँक्रीट भिंत नाहीतर एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. एकाच घरात दोन्ही सापडतात. ड्रिलमधून पडणारी भुकटी पाहा. आधी पुट्टीची पांढरी, मग प्लास्टरची करडी येते. त्यानंतर लाल आली तर वीट. फिकट राखाडी, रव्यासारखी भसाभस आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर एएसी. बारीक करडी आली आणि बिट जागीच ओरडत बसलं तर काँक्रीट.

वीट: 8 मिमी भोक, 8 मिमीची नायलॉन गिट्टी, स्क्रू 5 मिमीच्या आसपास. भोक गिट्टीपेक्षा 10 मिमी खोल पाडा आणि भुकटी फुंकून काढा. ती तळाशी राहिली की गिट्टी अर्धी बाहेर राहते, लोक ती हातोडीने ठोकून चेपतात आणि पकड तिथेच जाते. गिट्टी प्लास्टरच्या मागे विटेत बसली पाहिजे. 15-20 मिमी प्लास्टरच्या भरवशावर 30 मिमीची गिट्टी म्हणजे निम्मी वायाच. स्क्रूची लांबी: गिट्टीची लांबी, अधिक टांगायच्या वस्तूची जाडी, अधिक स्क्रूची जाडी. गिट्टी 40, पट्टी 4, स्क्रू 5 असेल तर 49, म्हणून 50.

एएसी: हॅमर बंद. गिट्टीच्या मापापेक्षा एक माप लहान बिट घ्या. लोखंडी फुलणारा अँकर इथे ब्लॉक आतून फोडतो, आवळताना छान घट्ट लागतो आणि नंतर सगळा बाहेर येतो. एएसीसाठीची पिळाची गिट्टी किंवा लांब नायलॉनची वापरा, जड वजनाला केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला रॉड.

मिवान: साधं हॅमर ड्रिल दमतं, एसडीएस-प्लसचं रोटरी हॅमर हवं. सळई लागली तर ती कापायला जाऊ नका, भोक दोन इंच बाजूला घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक नको, वायरींचे पाइप तिथूनच गेलेले असतात.

टाइल असेल तर चिकटपट्टी लावून टाइलच्या बिटने हॅमरशिवाय भोक पाडा. टाइल पार झाल्यावर भिंतीचं बिट. गिट्टी टाइलच्या जाडीपलीकडे, भिंतीत ढकला. तोंडाशी राहिली तर फुलताना टाइलला तडा देते आणि बाथरूम गळतंय म्हणून ओरडा भलत्यावरच होतो.

माजिवडा, एक गृहिणी

दादा, 25 लिटरचा गिझर एएसी भिंतीवर लावायचाय. दुकानातून 10 मिमीचे लोखंडी अँकर दिलेत. चालतील का?

घोडबंदर रोड, फिटिंगची कामं

नाही ताई, परत करा. नुसतं पाणीच 25 किलो, वर टाकीचं वजन. केमिकल अँकर घ्या: भोक ब्रशने आणि फुंकून साफ करायचं, रसायन आतून बाहेर भरत यायचं, रॉड फिरवत घालायचा. पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत गिझर टांगायचा नाही. बाथरूममध्ये काँक्रीटचा कॉलम असेल तर जागा तिकडे हलवणं सगळ्यात स्वस्त.

ऐरोली, अॅल्युमिनियम खिडक्या आणि पत्र्याच्या शेड

खाडीची हवा साधा झिंकचा पिवळा-पांढरा स्क्रू फार काळ टिकू देत नाही. आधी झिंक जातं, मग तपकिरी ओघळ उतरतात. स्लायडिंग खिडकीला 304 जातीच्या स्टेनलेसचा सेल्फ टॅपिंग (स्वतः आटे पाडत जाणारा) स्क्रू घ्या, पितळी तर चुकूनही नको, भोवतीचं अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं. खाडीच्या थेट तोंडावरच्या बाल्कनीला 316, तो खाऱ्या हवेत जास्त टिकतो.

‘एसएस आहे’ एवढं ऐकून पैसे देऊ नका. 202 पण एसएसच आणि तो गंजतो. लोहचुंबकाने 202 आणि 304 वेगळे कळत नाहीत. 304 चा स्क्रू थंड ठोकून घडवलेला असतो, त्यामुळे तोही जरा चिकटतो. भंगारवाले आणि फॅब्रिकेटर ड्रॉप टेस्ट करतात: तपासणीच्या रसायनाचा थेंब टाकून 9 व्होल्टची बॅटरी लावायची, 202 वर लाल रंग उठतो. मोठ्या बोल्टच्या डोक्यावर ‘ए2-70’ कोरलेलं असतं. ए2 म्हणजे 304 च्या जातीचा, ए4 म्हणजे 316 च्या.

शेडला स्वतः भोक पाडत जाणारा षटकोनी डोक्याचा स्क्रू लागतो, खाली रबरी ईपीडीएम वॉशरवाला. 5.5 मिमीला 8 मिमीचा सॉकेट. स्टेनलेसमध्ये हा बहुधा 410 असतो. तो तापवून कडक करता येतो म्हणून भोक पाडतो, पण 304 इतका गंज सोसत नाही. पत्रा नळीवर, म्हणजे उंच भागावर धरा, पन्हळीत नाही. रबर वॉशरच्या कडेपर्यंत जेमतेम फुगलं की थांबा. रबर बाहेर पसरलं म्हणजे जास्त आवळलं, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच थेंब. स्क्रू तिरका गेला तर रबर एका बाजूला दबतं, तोही गळतो.

रबाळे एमआयडीसी, मशीन शॉप

नट-बोल्टची बाजूही येऊ द्या. एम6 (6 मिमीचा मेट्रिक बोल्ट) चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1 मिमी, आट्यांचा कोन 60 अंश. पाव इंची व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचा बोल्ट) 6.35 मिमी जाड, इंचात 20 आटे, कोन 55. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात दोन आटे हाताने फिरतो, मग अडतो. तिथे पाना लावला की दोन्ही मेले. जुन्या मशीनवर इंची बोल्ट असतोच, पिच गेज लावून पाहा. एम3 चा पिच 0.5, एम4 0.7, एम5 0.8, एम8 1.25. टॅप मारायला, म्हणजे भोकात आटे पाडायला, एम4 ला 3.3, एम5 ला 4.2, एम6 ला 5, एम8 ला 6.8 मिमी भोक.

बोल्टच्या डोक्यावरचं 8.8 म्हणजे ताण सोसण्याची ताकद 800 मेगापास्कल आणि त्याच्या 80 टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागतो. नुसता चकचकीत बोल्ट म्हणजे 8.8 नव्हे. लोखंडात आटे निदान बोल्टच्या जाडीइतके खोल धरले पाहिजेत, अॅल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट.

स्टेनलेसवर स्टेनलेस नट मशीनने वेगात घालू नका. आटे एकमेकांना घासून वेल्ड झाल्यासारखे चिकटतात, मग पुढेही नाही, मागेही नाही. अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा, हाताने सावकाश.

खारघर, लॅपटॉप-संगणक दुरुस्ती

आमचं जग छोटं. 2.5 इंची एसएसडीला एम3, जुन्या 3.5 इंची हार्डडिस्कला 6-32, म्हणजे 6 नंबर जाडी आणि इंचात 32 आटे. दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पण एकात दुसरा घातला की आटे कापले जातात. प्लास्टिकच्या खोबणीत स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो टक् करून पडतो, मग सुलट. नाहीतर दरवेळी नवे आटे पडतात आणि तिसऱ्या खेपेला खोबण फाटते.

वागळे इस्टेट, पॅनेल वायरिंग

बिटबद्दल कोणी लिहिलं नाही. फुलीच्या चार रेघांच्या मधे अजून चार बारीक रेघा असतील तर तो पॉझी, बिट पीझेड2. नसतील तर फिलिप्स, पीएच2. काळा जिप्सम स्क्रू पीएच2, पिवळा चिपबोर्ड बहुधा पीझेड2. पॉझीत फिलिप्स बिट घातलं की घसरतं आणि चार स्क्रूंत डोकं गोल होतं. गोल झालेल्या डोक्यावर रुंद रबरबँड ठेवून दाबून फिरवा. नाही निघाला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर मिनिटभर टेकवा, रंग आणि गंज सुटतो. लाकडात निघतो, प्लास्टिकजवळ हे करू नका.

नेरूळ, भाड्याचं घर

घर बदलतोय. काढलेले स्क्रू पुन्हा वापरायचे की टाकायचे?

कोपरखैरणे, सुतारकाम आणि मॉड्युलर किचन

लाकडाचा स्क्रू टोक आणि फुली शाबूत असेल तर खुशाल वापरा. काळ्याला झटका बसला असेल तर टाका. नायलॉन गिट्टी भिंतीतच राहू द्या, ती काढताना भोक मोठं होतं. घरमालकाला पुट्टी मारून द्या.

ऐरोली, अॅल्युमिनियम खिडक्या आणि पत्र्याच्या शेड

रबरी वॉशरवाले शेडचे स्क्रू नवेच घ्या, एकदा दबलेलं रबर दुसऱ्या जागी नीट बसत नाही. नायलॉनची कडी असलेला लॉक नट हाताने सहज फिरत असेल तर तोही बाद.