‘बांधील सभासद’ म्हणावे की आणखी काही?

शब्दवेडी
आमच्या चर्चमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी काढायच्या पत्रकाचे भाषांतर माझ्याकडे आले आहे. मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा, की ख्रिस्ती माणसाने एखाद्या स्थानिक चर्चचा ‘कमिटेड मेंबर’ असावे, केवळ येणारा-जाणारा नसावे. मराठी ख्रिस्ती भाषेत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, म्हणून मी ‘स्थानिक मंडळीचा बांधील सभासद’ असे लिहिले आणि कच्चा मसुदा एका वयोवृद्ध बाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोन आक्षेप घेतले. ‘स्थानिक मंडळी’ म्हणजे गावातले लोक असेच कोणालाही वाटेल, हा पहिला. ‘बांधील’ माणूस कर्जाला किंवा कराराला बांधलेला असतो, देवाच्या घराला नव्हे, हा दुसरा. दोन्ही आक्षेप मला पटले, पण पर्याय सुचत नाही. ‘सक्रिय सहभाग’ लिहिले तर ते वार्षिक अहवालातले वाक्य वाटते.

कानामात्रा
बाईंचा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. ‘सामाजिक बांधिलकी’ हा शब्दप्रयोग रुळल्याला कितीतरी वर्षे झाली आणि त्यात कर्जाचा वास कोणालाही येत नाही. शिवाय बांधणे हा अर्थ धर्माला परका नाही. ‘रिलिजन’ या शब्दाचे मूळ लॅक्टँशियस या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात शोधले होते. (जाता जाता: ‘बांधील’ दीर्घ, ‘बांधिलकी’ ह्रस्व. मसुद्यात उलटे झाले असल्यास दुरुस्त करावे.)

जुनी पाटी
त्याच शब्दाचे मूळ सिसेरो या रोमन वक्त्याने पुन्हा पुन्हा वाचण्यात, मनाशी घोळवण्यात शोधले होते, हे सोयीस्करपणे वगळू नये. व्युत्पत्ती आपल्याला हवी तिथेच थांबवायची असेल तर तिच्यावरून काहीही सिद्ध करता येईल.

मूळ प्रश्नाविषयी माझे मत असे, की अडचण विशेषणात नसून ‘सभासद’ या नामात आहे. सभासद वर्गणी भरतो, सभेला येतो आणि पटले नाही तर राजीनामा देतो. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचे आणि अवयवांचे रूपक आहे, आणि इंग्रजी ‘मेंबर’ हा शब्दही मुळात शरीराच्या अवयवाचाच आहे. हात शरीरात ‘सहभाग घेत’ नाही, तो शरीराचाच असतो. पायाला काटा टोचला की वाकावे कमरेला लागते आणि काटा काढावा बोटांना लागतो, त्यासाठी कोणी ठराव मांडत नाही. चर्चशी असलेले नाते हे असे आहे, आणि मराठी बायबलमध्ये त्याला ‘अवयव’ हा शब्द आयता मिळालेला आहे. तोच वापरावा.

शब्दवेडी
रूपक उत्तम आहे, परंतु दारावरच्या फलकावर ‘नवीन अवयवांची नोंदणी सुरू आहे’ असे लिहिले तर लोक अवयवदानाचा अर्ज मागतील.

पायवाट
‘निष्ठावंत’ का नको?

कानामात्रा
कारण निष्ठावंत म्हटले की कोणता तरी पक्ष फुटल्याची बातमी आठवते.

पायवाट
मग शब्द बाजूला ठेवून गोष्ट सांगतो. माझे वडील चर्चमध्ये कोणत्याही पदावर नव्हते. उपासना संपली की बाकांवर राहिलेली गीतपुस्तके गोळा करून, मुडपलेली पाने सरळ करून ती कपाटात लावायची, एवढे काम त्यांनी आपणहून धरले होते. एका रविवारी पुस्तके बाकांवरच राहिली. त्या संध्याकाळी चौघे जण आमच्या घरी आले, कारण पुस्तके पडून आहेत म्हणजे हे आजारी असणार, असे त्यांनी ताडले होते. पुढचे तीन आठवडे रात्री त्यांच्या उशाशी बसायला माणसे आळीपाळीने येत राहिली. त्यांतल्या दोघांचे वडिलांशी एरवी फारसे पटत नसे, हे मुद्दाम सांगतो, कारण आवडीच्या माणसांचा गट आणि मंडळी यांतला फरक मला तेव्हा कळला. ज्याची अनुपस्थिती दिसते तो मंडळीतला. याला एका शब्दात काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

उंबरठा
वरील आठवण हृद्य आहे, तरीही दुसरी बाजू नोंदवते. मी पूर्वी ज्या चर्चमध्ये जात असे, तिथे ‘समर्पित’ हा शब्द कामाला जुंपण्यासाठी वापरला जाई. सलग तीन रविवार लहान मुलांचा वर्ग घेऊन चौथ्या रविवारी मी नाही म्हटले, तेव्हा माझ्या समर्पणाबद्दल प्रार्थना करण्यात आली, आणि तीही मोठ्याने. म्हणून शब्द निवडताना त्यात ‘नाही’ म्हणण्याची जागा उरते का, हेही पाहावे. पायवाट यांच्या वडिलांना ते काम कोणी नेमून दिले नव्हते, ही मला त्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते.

जुनी पाटी
हे मान्य, पण तो दोष वापरणाऱ्यांचा आहे, शब्दाचा नाही. नोंदणी आणि नाते यांची ओढाताण मराठीला नवी नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळावा काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. नावनिशीच्या वहीपेक्षा ओढ मोठी मानली, म्हणून ‘सभासद’ याऐवजी त्यांना दरबाराची भाषा सुचली असावी, हा माझा लाडका तर्क आहे.

उंबरठा
दरबारात मुजरा करावा लागतो, हे विसरू नये.

कानामात्रा
बाईंचा पहिला आक्षेप मात्र तसाच राहिला आहे. बायबलमधल्या अर्थाने ‘मंडळी’ एकवचनी स्त्रीलिंगी आहे आणि तिचे अनेकवचन ‘मंडळ्या’ होते. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात आसिया प्रांतातल्या ‘सात मंडळ्या’ आहेत आणि प्रत्येकीला वेगळा निरोप आहे. तेव्हा ‘तुम्ही ज्या मंडळीत जाता तिचे व्हा’ असे लिहिले, तर ‘तिचे’ या सर्वनामाने गावातल्या लोकांचा गैरसमज आपोआप टळेल.

शब्दवेडी
‘तिचे व्हा’ हे मला आवडले आहे. विशेषण नाही, नामही नाही, आणि उंबरठा यांना हवी असलेली मोकळीकही त्यात आहे, कारण जुंपण्याचा सूर त्यात येत नाही. पत्रक उद्या छापायला द्यायचे आहे, म्हणून तूर्त तेच लिहिते.

पायवाट
एकच शंका. जुन्या बोलण्यात ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. ‘मंडळीचे व्हा’ हे वाचून आमचे काका काय म्हणतील, याचा विचार झाला आहे का?

जुनी पाटी
काकांनी ‘मंडळीचे व्हा’ असे वाचले तर तो सल्लाही वाईट नाही. परंतु त्या अर्थी ‘मंडळी’ आदरार्थी अनेकवचनी चालते की एकवचनी, यावर आमच्या घरात एकमत नाही. जाणकारांनी सांगावे.