मालक बदलला आणि चव गेली: तुमचं कुठलं हॉटेल असं हातचं गेलं?

फडके_रोड
काल धाकट्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. डोंबिवली स्टेशनजवळचं आमचं उडप्याचं हॉटेल. जुनी लाल-पिवळी पाटी उतरवलीय, तिच्या जागी काळ्यावर गुलाबी दिव्यांची पाटी आणि खाली बारीक अक्षरात 'प्युअर व्हेज मल्टिक्विझिन'. फोटोखाली धाकट्याने 'गेलं' एवढंच लिहिलंय. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

खरं तर पाटी बदलायच्या बरंच आधी ते गेलं होतं. गल्ल्यावरचे अण्णा गुडघ्यांनी बेजार, मुलगा कॅनडात, मग हॉटेल चालवायला दिलं. मेनू तोच, वेटरही बहुतेक तेच. सगळ्यात आधी बदलली कॉफी. दारातून आत शिरताना वास यायचा तो यायचा बंद झाला. मग सांबाराची बादली गेली. आधी पोऱ्या ओगराळं घेऊन फिरायचा, 'सांबार?' असं विचारेपर्यंत वाटीत पडलेलंही असायचं. आता दुसऱ्या वाटीचे वीस रुपये लावतात. मग बूड टेकायच्या आत 'साधं पाणी की बाटली?' सुरू झालं. मग डोशात पनीर चिली शिरलं आणि आम्ही जायचं थांबलो.

बाबांचा पगार झाला की पहिल्या रविवारी आम्ही चौघं तिथे. दोन मसाला डोसे, दोन इडली-वडा, आणि शेवटी एक शिरा चौघांत. अण्णा न मागता शिऱ्याबरोबर चार चमचे पाठवायचे. आम्ही एकच प्लेट मागवतो याची लाज कधी वाटू दिली नाही त्या माणसाने.

तुमचं असं कुठलं? हॉटेलचं नाव नको, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. गाव, पदार्थ आणि काय बिघडलं ते लिहा.

मिनू_ठाणे
साबुदाणा वडा!!! नौपाडा. आधी दाण्याचं कूट दाताखाली यायचं, आता नुसता बटाटा. आणि सोबतची दह्यातली चटणी जाऊन हिरवं पाणी आलंय. उपासाला हिरवी चटणी कोण देतं? सविस्तर नंतर लिहिते, कुकर झालाय.

पेंढारकर_बॅच
कुठलं ते कळलं. शेजारी चपलांचं दुकान ना?

फडके_रोड
हो तेच. पण नाव नको.

पेंढारकर_बॅच
नाही घेत. कॉलेज बुडवून तिथे बसायचो. एका कॉफीत दोन तास. अण्णा फक्त पंखा बंद करायचे, तेवढा इशारा पुरे.

गल्ल्यावरचा_भाचा
आमच्या मामांचं हॉटेल होतं (मुंबईत, आता नाही). कॉलेज सुटलं की गल्ल्यावर मीच बसायचो, त्यामुळे दोन शब्द आतल्या बाजूचे.

हॉटेल 'चालवायला देणं' म्हणजे लायसन्स आणि नाव जुन्या मालकाचं, धंदा दुसऱ्याचा. चालवणारा भरभक्कम डिपॉझिट देतो आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम. गिऱ्हाईक येवो न येवो, पाऊस पडो, लोकल बंद पडो, एक तारखेला पैसे मोजायचे. करार अकरा महिन्यांचा, फार तर तीन वर्षांचा. पुढे मिळेल की नाही याची खात्री नाही. आता तुम्हीच सांगा, असा माणूस दहा वर्षांचं गिऱ्हाईक कशाला जपेल? तो आजचा गल्ला बघणार.

मग काटछाट कुठून? जिथे गिऱ्हाईकाला पटकन कळत नाही तिथून. उडीद तांदळापेक्षा महाग, म्हणून पिठात उडीद कमी. मग पीठ फुगत नाही, म्हणून सोडा. गरमागरम खाल्लात तर लक्षातही येत नाही, पाच मिनिटांनी तोच डोसा चामड्यासारखा. कॉफीत कॉफी आणि चिकोरीचं (एका मुळाची स्वस्त पूड) ८०-२० चं ६०-४० होतं. चिकोरी वाढली की रंग गडद येतो आणि निम्म्या लोकांना वाटतं कॉफी स्ट्राँग झाली. लोण्याच्या जागी मार्गारिन. सांबारात तूरडाळ कमी, भोपळा जास्त. बादली बंद करतात ती यासाठीच.

आणि भट्टीवरचा माणूस. तो मालकाच्या गावचा असतो, मालकाच्या शब्दावर आलेला. मालक गेला की महिना-दोन महिन्यांत तोही जातो. जाताना रेसिपी देऊन जात नाही, कारण रेसिपी लिहिलेली नसतेच. त्याच्या मुठीचं माप असतं.

शिवाय नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे भाड्यावर भरलेला जीएसटी वळता होत नाही, तो अंगावर. त्यात घरपोच ॲपवाल्यांचं कमिशन. चोरी करतात असं सरसकट म्हणवत नाही मला.

मिनू_ठाणे
आले. बापरे भाचे, तुम्ही तर सगळं उघडंच पाडलंत. आता बाहेर डोसा खाताना पाच मिनिटं थांबून बघणार :-)

शेंडेफळ
आमच्या घरातही २००९ साली मॅनेजमेंट बदललं. आजीकडून स्वयंपाकघर आईकडे आलं. मेनू तोच, पण दुसऱ्या वाटीचे पैसे लागत नाहीत एवढंच सुख. (आई हे वाचत नाही.)

रंकाळ्याचा_वारा
कोल्हापूर. खानावळ. मालकीणबाई स्वतः पांढऱ्या रश्श्याकडे बघायच्या, खसखस, काजू, तीळ, ओल्या नारळाचं दूध आणि मटणाचा अळणी स्टॉक. बाई गेल्या, पुतण्याने जागा दुसऱ्याला दिली. पहिल्याच आठवड्यात पांढरा रस्सा चमच्यावरून पडेना. कॉर्नफ्लॉवर घातला हो!! वर विचारलं तर म्हणे पुण्याचे पर्यटक दाट मागतात.

सदाशिव_शनिवार
पुण्याला मधे आणल्याशिवाय कोल्हापूरकरांचा रस्सा उकळत नाही का?

रंकाळ्याचा_वारा
उकळतो की. पण साखर पडत नाही त्यात.

सदाशिव_शनिवार
:-) मान्य. आमचंही ऐका. डेक्कनचं लकी गेलं त्याचं दुःख आहेच, पण ते सरळ बंद झालं. दुखतं ते पेठेतल्या मिसळीचं. कांदा-लिंबू मागावं लागायचं नाही, सॅम्पल हवं तेवढं. मालकाने वय झालं म्हणून दुकान विकलं, 'नावासकट' विकलं. आता त्याच नावाच्या शाखा हायवेला आहेत, झोपाळा आहे, बैलगाडी आहे, फोटोला मडकी आहेत. मिसळीत मटकी शोधावी लागते.

अंजू_इन_जर्सी
बैलगाडी 😂 आमच्याकडे एडिसनलाही एका हॉटेलात आली आहे. इथलं एक छोटं गुजराती-मराठी ठिकाण होतं, शनिवारी थालीपीठ मिळायचं, लोण्याच्या गोळ्यासकट. नवीन लोकांनी बुफे केला. थालीपीठ बुफेत ठेवलं की ते काय होतं विचारू नका. मुलगा म्हणाला मम्मा हा पिझ्झाचा बेस आहे का.

केळकर_काका
मी जरा उलट बोलतो. आमच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मालक बदलला आणि स्वच्छतागृहाला पहिल्यांदा कडी लागली. बायकामाणसं आत येऊन बसू लागली. भजी पूर्वीइतकी चांगली नाहीत, कबूल. पण जुन्या मालकाचं तेल मी डोळ्यांनी बघितलं होतं, डांबर बरं. आठवणीतल्या चवीत आपलं विशीतलं पोटही धरलं पाहिजे.

फडके_रोड
काका, मुद्दा बरोबर. पण सांबाराच्या वाटीचे वीस रुपये माझ्या पोटाने लावले नाहीत हो.

पणजीचो_बाब
गोंय. सकाळी पावभाजी म्हणजे आमची, बटाट्याची सुकी, पातळ भाजी, टोमॅटो भाजी, वर मिरची आणि गरम उंडे (आमचे गोल पाव). एक जुनी जागा होती, सातला गेलं की ऑफिसवाले, मच्छीवाल्या, वकील, सगळे एकाच बाकड्यावर. चालवायला दिली. नव्याने नऊला उघडायला सुरुवात केली! नऊला कोण भाजी खातो? तोवर पोदेर (पाववाला) घरी जाऊन झोपतो. चव बिघडायला वेळच मिळाला नाही, गिऱ्हाईकच तुटलं.

नर्मदाकाठ
आम्ही जबलपूरचे मराठी, इथे फार लिहीत नाही पण हे लिहावंसं वाटलं. मालक बदलून वाईटच होतं असं नाही. आमचं इंडियन कॉफी हाउस बघा. आधी ही कॉफी हाउसं कॉफी बोर्डाची होती. पन्नासच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली, शेकडो माणसं रस्त्यावर येणार होती. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी पुढाकार घेतला आणि कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढल्या, १९५७ मध्ये सुरुवात झाली. म्हणजे मॅनेजमेंट वेटरांकडे आलं! तुरेवाला फेटा बांधलेला माणूस तुम्हाला कॉफी आणून देतो तो सोसायटीचा सभासद असू शकतो. माझे वडील आणि त्यांचे मित्र तिथे रोज भांडायचे, राजकारणावर. बिल कोणी द्यायचं यावरही. आता मी जाते, मैत्रिणींबरोबर. कटलेट तेच आहे. बीट घातलेलं.

गल्ल्यावरचा_भाचा
वा! हे मस्त. आमच्या मामांच्या पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी हॉटेल वेटरांना दिलं असतं का? शंका आहे. डिपॉझिट कोण देणार?

नर्मदाकाठ
तेच तर. तिथे मालक म्हणून कोणी एक माणूस नव्हताच, म्हणून जमलं.

काळा_घोडा_जुना
जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार आठवतं का कुणाला? १९६४ ला सुरू झालं, मार्च २०१५ मध्ये बंद. लांबट अरुंद जागा, वेताच्या खुर्च्या, पुदिन्याचा चहा. ते कुणाला चालवायला न देता मिटलं याचं मला समाधान आहे. आणि २०१४ साली ग्रँट रोडचं मेरवान बंद होणार म्हणून अख्खी मुंबई मावा केकला रांगेत उभी होती, मीही होतो, आणि नंतर ते पुन्हा उघडलं! रडून घेतलेलं फुकट गेलं.

बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलात मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे. २०१९ मध्ये गेले. बेरी पुलाव अजून खातो, पण ऑर्डर देताना मान आपोआप गल्ल्याकडे वळते.

मिनू_ठाणे
मावा केक कुठे चांगला मिळतो सध्या? ठाण्यात. भावाचा वाढदिवस आहे शुक्रवारी.

शेंडेफळ
मावा केकला मेणबत्ती लावणार? तो दोन घासांचा असतो.

मिनू_ठाणे
पंचवीस आणीन. तुला काय करायचंय.

रंकाळ्याचा_वारा
एक सांगायचं राहिलंच. त्या खानावळीतला आचारी चार महिन्यांत बाहेर पडला आणि गावाबाहेर पत्र्याची शेड टाकली. जाहिरात नाही, पाटी नाही. पहिल्या रविवारी जुन्या खानावळीची निम्मी गिऱ्हाइकं तिथे, वकीलसाहेब भर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर. भाचे म्हणतात ते अगदी खरं. मुठीचं माप त्याच्याबरोबर गेलं आणि त्याच्या मागोमाग आम्ही. पांढरा रस्सा पातळ आहे :-)

सदाशिव_शनिवार
पत्ता पाठव. लगेच. पुढच्या शनिवारी ज्योतिबाला येतोय.

रंकाळ्याचा_वारा
पुणेकरांना पत्ता देऊन दाट करून घेऊ? विचार करतो.

उडपी_सूनबाई
माहेर गिरगाव, सासर उडुपी, त्यामुळे दोन्हीकडून. अण्णांसारखी माणसं पहाटे चारला भट्टी लावायची आणि रात्री अकराला गल्ला मोजायची. मुलाच्या शाळेत गॅदरिंगला कधी गेले नसतील. माझे सासरे गेले नव्हते. मुलं म्हणतात आम्हाला हे आयुष्य नको, आणि मला त्यांचं चुकतंय असं वाटत नाही. सासऱ्यांनीही हॉटेल चालवायला दिलंय. ते स्वतः तिथे चहाही पीत नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर पितात.

फडके_रोड
ताई, हे वाचून कसंतरी झालं. अण्णाही परवा स्टेशनला भेटले होते, धाकट्याला. त्याला विषय काढवला नाही.

मिनू_ठाणे
सूनबाई, सांबाराचं सांगा ना जाता जाता. घरी तसं का होत नाही?

उडपी_सूनबाई
मसाला विकतचा वापरता ना? ब्याडगी मिरच्या, धणे, थोडी उडीदडाळ, चणाडाळ, मेथीचे मोजके दाणे, सगळं खोबरेल तेलावर वेगवेगळं भाजायचं. शेवटी ओलं खोबरं घालून वाटायचं. चिंच आधी उकळू द्या, कच्ची राहिली की सगळं वाया. गुळाचा खडा लागतोच. आणि छोटे सांबार कांदे अख्खे.

शेंडेफळ
गूळ म्हटलं की आता कोल्हापूरकर येतील.

रंकाळ्याचा_वारा
गूळ आमचाच आहे रे बाबा, येणारच.

नवीन_आयडी_४२
माफ करा, विषय सोडून विचारते. डोंबिवलीची बरीच मंडळी दिसताहेत. वडील पूर्वेला एकटे राहतात, रोज हॉटेलचंच खात होते, आता डॉक्टरांनी बंद केलंय. घरगुती डबा देणारं कोणी माहीत आहे का? कमी तिखट, कमी मीठ.

पेंढारकर_बॅच
रामनगरला एक काकू देतात. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. माझी आई घेते. पण त्या रविवारी बंद ठेवतात.

नवीन_आयडी_४२
रविवारचं मी बघते. नंबर मिळेल का?

पेंढारकर_बॅच
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मीठ कमी म्हणून आधीच सांगा, नाहीतर त्या आपल्या अंदाजाने घालतात.