कॉन्फिडन्स नाही म्हणजे नेमकं काय नाही?

बोरूबहाद्दर:
व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याशा क्लासची पोस्ट फिरत फिरत आमच्या फॅमिली ग्रुपवर आली. मथितार्थ असा: मराठी मुलं हुशारीत कमी नाहीत, मार खातात ती फक्त कॉन्फिडन्समध्ये. खाली फी. आत्याने लगेच अंगठा दिला आणि भाच्याला टॅग केलं. डोकं सटकलं, म्हणून लिहितोय.

पोरगं स्टेजवर लाजलं, कॉन्फिडन्स नाही. इंग्रजीत अडखळलं, कॉन्फिडन्स नाही. उत्तराची खात्री नव्हती म्हणून हात वर केला नाही, तरी तेच. कुणाला तोंडावर नाही म्हणता आलं नाही, तरीही तेच. अहो, बुजरा वेगळा, साशंक वेगळा, भिडस्त वेगळा. बुजऱ्याला चार माणसांत मिसळू द्यावं, साशंकाकडून अभ्यास पक्का करून घ्यावा. भिडस्ताचं काही होत नाही, तो तसाच रिटायर होतो. पण सगळ्यांची एकच मोट बांधली की एकच क्लास सगळ्यांना विकता येतो.

आणि इंग्रजीत तरी हा शब्द एवढा स्वतःपुरता कुठे आहे? कुणाला कॉन्फिडन्समध्ये घ्यायचं म्हणजे विश्वासात घ्यायचं. इन कॉन्फिडन्स सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही. सभागृहाचा सरकारवर असतो तो कॉन्फिडन्स तर दुसऱ्यांनी टाकलेला विश्वास. यातलं आपण छाती काढून बोलणं तेवढं उचललं.

नीलांबरी:
झाला शब्दांचा कीस काढून? आता माझं ऐका. तालुक्याच्या गावातून इंजिनिअरिंगला आले. कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनमध्ये विषय मला येत होता, पण वाक्य मनात जुळवेपर्यंत दुसरं कुणीतरी सुरू व्हायचं. शेजारच्या मुलाला विषयाचा गंध नव्हता. तो पहिला बोलला, शेवटीही बोलला आणि निवडला गेला. मला बुजरी म्हणा नाहीतर भिडस्त, नोकरी त्याला लागली. मग असाच एक क्लास लावला. वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, एवढंच शिकवलं. उपयोग झाला. पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना शब्दांचं कौतुक परवडतं.

खवचट_कोकणी:
विषयाचा गंध नाही आणि निवड झाली! या जमातीचा मूळ पुरुष सांगतो. 1849, न्यूयॉर्क. विल्यम थॉम्पसन नावाचा इसम. कपडे झकपक, अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि मग विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवायला द्याल, एवढा कॉन्फिडन्स आहे का माझ्यावर? लोक काढून द्यायचे! पकडला गेल्यावर न्यूयॉर्क हेरल्डने त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. कॉन-मॅनमधला कॉन तो हा. तुमचा ग्रुप डिस्कशनवाला त्याच घराण्यातला.

नीलांबरी:
टिंगल करणं सोपं असतं. त्या दिवशी हॉस्टेलवर परत जाताना काय वाटलं ते तुम्हाला कळायचं नाही.

आकडेमास्तर:
या शब्दाचे खरे हाल आमच्या सांख्यिकीत होतात, तिकडे कुणी बघत नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा अमुक ते तमुक यांच्या दरम्यान असेल असं सांगणारी पट्टी, ही संख्याशास्त्रज्ञ नेमनची 1937 सालची मांडणी. 95 टक्के कॉन्फिडन्स म्हणजे ‘हे उत्तर बरोबर असण्याची शक्यता 95 टक्के’ असं नव्हे! त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले, तर निघणाऱ्या दर शंभर पट्ट्यांपैकी साधारण 95 पट्ट्यांत खरा आकडा सापडेल, एवढाच दावा. भरवसा पद्धतीवर असतो, हातातल्या पट्टीवर नाही. दर वर्षी घसा कोरडा करतो, दर वर्षी पेपरात तेच चुकीचं वाक्य. आणि टीव्हीवाले? 2024 च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेपार नेलं. मिळाल्या 293. अँकरचा कॉन्फिडन्स मात्र टक्काभरही ढळला नाही.

रोखठोक_नाशिककर:
आलात ना राजकारणावर? मग कॉन्फिडन्सचं खरं उदाहरण घ्या. 17 एप्रिल 1999. वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव, बाजूने 269, विरुद्ध 270. काँग्रेसचे गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, तरी खासदारकी न सोडता विरोधात मत द्यायला हजर! यांना कुठला क्लास लागला नाही.

आकडेमास्तर:
नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश झुगारून विरोधात मत दिलं, ते सोयीस्कर विसरलात. एका मताने हरल्यावर कुठलंही एक मत बोट दाखवायला सापडतं.

रोखठोक_नाशिककर:
मास्तर, तुमचा कल कुठे आहे ते पट्टी न लावता दिसतंय.

सेक्रेटरी_बी_विंग:
मोठ्यांच्या चर्चेत तोंड घालतो. विश्वासदर्शक ठराव आणि अविश्वास ठराव यांत फरक काय? आमच्या अध्यक्षांनी कमिटीला विश्वासात न घेता टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं काम मेव्हण्याला दिलं. पहिल्याच पावसात जिन्यात धार. आम्ही अविश्वास आणायच्या तयारीत, तर हे म्हणतात मीच विश्वासदर्शक मांडतो, तोही वार्षिक सभेत. सभेला निम्मे लोक फक्त बटाटेवड्यांसाठी येतात आणि वडे मेव्हण्याकडूनच येतात!

रोखठोक_नाशिककर:
लोकसभेत अविश्वासाला नियम 198 आहे, पन्नास सदस्यांचा पाठिंबा लागतो. पहिला आचार्य कृपलानींनी आणला, नेहरू सरकारविरुद्ध, ऑगस्ट 1963. विश्वासदर्शक ठरावाला वेगळा नियमच नाही, तो साध्या प्रस्तावासारखा येतो. सोसायटीचं वेगळं. सहकार कायद्याप्रमाणे कमिटीच्या किमान एक तृतीयांश सदस्यांनी सह्या करून मागणी करायची, मतदान कमिटीच्या सभेत. वार्षिक सभेत नाही. म्हणजे वडे बाद.

बोरूबहाद्दर:
धागा माझा, टाकी यांची. चालू द्या. बाकी नीलांबरीताई, वाक्य पुरं करायला शिकवणारा क्लास चांगलाच, मान्य. त्याला संभाषणाचा क्लास म्हणा. ‘मराठी मुलांत कमी’ म्हणून आख्ख्या पिढीच्या गळ्यात पाटी कशाला अडकवायची?

नीलांबरी:
‘संभाषणाचा क्लास’ अशा पाटीला किती जण येतात, चालवून बघा एकदा. आणि भाच्याला विचारलंत का, त्याला जायचंय का? की तेही आत्याने आणि तुम्हीच ठरवायचं?

बोरूबहाद्दर:
विचारलं. ‘बघू’ म्हणाला.

खवचट_कोकणी:
भिडस्त!

सेक्रेटरी_बी_विंग:
नाशिककर, उपयोगी पडलात. पण सह्यांचा कागद घेऊन फिरलो तर जो तो म्हणतो, आधी दुसऱ्याची घ्या, मग माझी. खजिनदारही. आमची कमिटी अकराची, म्हणजे सह्या चारच लागतील ना? आणि त्यांत माझी स्वतःची धरली तर चालते का, तेवढं सांगा.