सल्ला हवा: ५ हजारात स्मार्ट घड्याळ घेऊ की पट्टा (फिटनेस बँड)? बीपी-शुगर दाखवणारं खरंच असतंय काय?

फौंड्रीवाला_अनगोळ
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर आहे, वय ४६. गेल्या महिन्यात रक्त तपासलो तर शुगर बॉर्डरला आलीय, डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, रोज पाऊण तास चाला आणि पोट उतरवा. म्हणून सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जायला सुरू केलोय. मुलगी म्हणाली बाबा घड्याळ घ्या, किती चाललात ते तरी कळेल, नाहीतर तुम्ही गेटवर चहा पिऊन परत येताय (अगदीच खोटं नाही).

काल खडेबाजारात गेल्यालो, तिथं एक दुकानदार १८०० चं घड्याळ दाखवला. बीपी, शुगर, ईसीजी, ऑक्सिजन सगळं त्यातच, वर ब्लूटूथ कॉलिंग. घरी वडील ७२ चे आहेत, त्यांना बीपीची गोळी चालू आहे, म्हटलं एकच घेतलो तर दोघांचं काम होतंय, सकाळी मी बांधायचं, दिवसभर ते. पण १८०० त एवढं सगळं म्हटल्यावर मनात पाल चुकचुकली. ५ हजारापर्यंत जायची तयारी आहे. फोन अँड्रॉइड. काय घेऊ सांगा.

लॅबवाली_शहापूर
दादा ते घेऊ नका. बाकी काय पण घ्या, ते नको.

घड्याळाच्या पाठीला हिरवा लाईट लुकलुकतो ना, तो कातडीतनं आत जातो, आणि दर ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेड पण कमीजास्त होतो. त्याला एवढंच दिसतं. त्यावरनं ठोके मोजता येतात, बसून असताना बऱ्यापैकी बरोबर येतात. शुगर त्यात कुठनं दिसणार? शुगरला बोट टोचून थेंब काढायचा, नाहीतर दंडाला चिकटवायचा सेन्सर, आणि त्याची पण बारीक तार कातडीच्या आत जातेच, तो आकडा मग फोनवर नाहीतर घड्याळावर बघता येतो. पण तिथं मोजणारा सेन्सर असतो, घड्याळ नुसतं दाखवतंय. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणांना मान्यता देणारं सरकारी खातं) सरळ सांगितलंय की न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला नाहीतर अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, वापरू नका.

आमच्याकडं एक आजी आल्या होत्या, नातवानं आणून दिलेलं असलंच घड्याळ हातात, त्यात १०४ दिसतंय म्हणून मनानंच गोळी अर्धी केलेली. रक्त तपासलो तर २६० च्या वर. त्या माझ्यावरच चिडल्या, तुमचं मशीन बिघडलंय म्हणून.

बीपीचं पण तेच. सॅमसंगच्या काही घड्याळात बीपीची सोय आहे, पण ते आधी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतंय आणि दर २८ दिवसांनी परत जुळवावं लागतंय. म्हणजे मशीन घ्यायचं चुकत नाहीच. मग वडिलांना सरळ दंडाला गुंडाळायचं बीपी मशीन घ्या आणि उरल्या पैशात तुम्हाला पट्टा. एकच दोघांनी वापरला तर दोघांचे ठोके आणि झोप एकाच खात्यात मिसळणार, कुणाचंच धड कळणार नाही.

येळ्ळूरचा_पावणा
ताईंनी शास्त्र सांगितलं, मी प्रयोग सांगतो. मित्रानं असलंच एक आणलेलं, आम्ही राजहंसगडावर डबा खात बसल्यालो, ते घड्याळ काढून काकडीला बांधलो. बीपी ११८/७६. काकडी एकदम फिट 😂 नंतर अर्धी खाऊन परत बांधलो, तरी ११८/७६ च.

लॅबवाली_शहापूर
😀 पण एक सांगते हां, काकडीला ठोके दाखवले म्हणून प्रत्येक घड्याळ भंगार असं समजू नका. उजेड कशावरनं पण परत येतो आणि थोडं हललं की चांगलं घड्याळ पण त्यालाच ठोका समजतं. बीपी मात्र कशाशी न जुळवता, पहिल्याच दिवशी, काकडीचं दाखवलं तर तो आकडा घड्याळात आधीच भरलेला असणार.

कॅम्प_लांबपल्ला
माझं मत वेगळं आहे. ५ हजारात कचरा घेऊन वर्षात टाकण्यापेक्षा थोडे थांबा आणि गार्मिनचा फोररनर ५५ नाहीतर त्याच्या वरचा घ्या. स्वतःचं जीपीएस, १४ दिवसांपर्यंत चार्जिंग, उन्हात स्क्रीन झकास दिसते, आणि मुख्य म्हणजे पाच बटणं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा लागतो माहीत आहे, ओल्या बोटानं टचस्क्रीन चालत नाही, थेंब पडले की आपोआप गाणी बदलतात आणि चालणं मोजायचं मध्येच बंद होतंय. मी तीन पावसाळे बटणावर काढलो.

सोळाशे_मीटर
काका त्यांना डेपोला चालायचंय हो, आयर्नमॅनची शर्यत नाही करायची.

मी खानापूरचा, भरतीची तयारी करुलोय. आमचा १६०० म्हणजे ४०० च्या ट्रॅकला ४ फेऱ्या. आधी मी पण जीपीएसच्या मागं लागल्यालो, पण ट्रॅकवर जीपीएस वळणं कापतंय, चौथ्या फेरीला कधी १५६० दाखवतंय कधी १६४०. सर म्हणाले ते काढ आणि साधं स्टॉपवॉच घे. आता तेच वापरतो, फेरीला किती सेकंद गेले तेवढं कळलं की बस.

जीपीएस लागतंच असलं तर एक बघून घ्या. स्वस्तातल्या खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असतंय पण ते बऱ्याचदा फोनचं असतं, म्हणजे फोन खिशात पाहिजेच. घरी फोन ठेवून पळायचं असेल तरच ‘स्वतःचं जीपीएस’ असलेलं बघा, अमेझफिटच्या बिपमध्ये काही मॉडेलात आहे. तुम्ही फोन घेऊनच जाणार असला तर त्याला पैसे घालू नका.

वडगावची_मागवाली
मला कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझ्याकडं दोन वर्षं झाली पट्टा आहे. पहिल्याच दिवशी सकाळी ८ वाजता बघते तर ३००० पावलं! घराबाहेर पाय टाकलेला नव्हता. मग कळलं, भाकऱ्या थापल्या होत्या १४. थाप थाप हात हलला की ह्याला वाटतं बाई चालुलीय. आणि दळणाचा डबा कमरेवर धरून गिरणीला जाऊन आले तर त्याचं काहीच नाही, कारण हात डब्याला धरलेला, हललाच नाही. तेव्हापासनं भाकरी थापताना काढून खिडकीत ठेवते. रोजचा आकडा कालच्या आकड्याशी लावून बघायचा, शेजारणीच्या आकड्याशी नाही, कारण तिच्या घरी पोळ्या असतात.

दुसरं कुणी सांगत नाही ते, मेसेज मराठीत दिसतात काय ते दुकानातच बघा. माझ्या आधीच्या घड्याळात सगळे चौकोन चौकोन यायचे. आईचा मेसेज चौकोन, लाईटबिलाचा कन्नडमधला मेसेज पण चौकोन. म्हटलं सीमाप्रश्न सोडवला बाई ह्यानं, दोन्ही भाषांना सारखंच.

निपाणीकर
वरचा शेवटचा मुद्दा लाखाचा हाय ताई. त्यात माझे दोन घाला. चार्जिंगची वायर प्रत्येकाची निराळी असती, चुंबकाची, हरवली की दुसऱ्याची बसत नाही. माझी कुत्र्यानं खाल्ली, महिनाभर घड्याळ कपाटात. आणि दुरुस्तीला बेळगावात कोण घेतंय की कोल्हापूरला पाठवायचं हे आधी विचारा, नंतर दुकानदार वळखत पण नाही. ब्लूटूथ कॉलिंगच्या नादाला लागू नका, बाजारात उभं राहून मनगटाशी बोललं की अख्खी गल्ली ऐकती, बायको काय म्हणाली ते भाजीवाल्याला पण कळतंय.

फौंड्रीवाला_अनगोळ
बापरे, एवढे सगळे बोलला, थँक्यू. काकडीचं घरी सांगितलो, वडील पोट धरून हसले.

आता माझी अडचण ऐका. दिवसातली जास्त पावलं माझी फौंड्रीतच पडतात, इकडनं तिकडं फिरायचंच काम आहे, पण भट्टीजवळ घड्याळ चालेल काय? आणि १०००० पावलं रोज झालीच पाहिजेत म्हणतात ते कसं जमवायचं?

लॅबवाली_शहापूर
१०००० हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही दादा. १९६५ ला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलेलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर, तिथनं तो जगभर गेला. तुम्ही आत्ता ४००० चालत असाल तर ५००० करा, मग ६. आणि दमानं चाला म्हणजे झालं असं नाही, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं चाला.

येळ्ळूरचा_पावणा
भट्टीचं मी सांगतो, मी पण उद्यमबागेतच, मशीन शॉपला. कामावर मनगटात काहीच ठेवू नका. फिरत्या मशीनमध्ये पट्टा अडकला तर हात ओढून घेतंय, आमच्याकडं अंगठी पण काढायला लावतात. आणि इंडक्शन फर्नेसजवळ (विजेवर धातू वितळवायची भट्टी) धातूचा पट्टा नकोच, तापतो. घड्याळं साध्या हवेसाठी केलेली असतात, ॲपल स्वतः ३५ डिग्रीपर्यंतच वापरा म्हणतंय, तुमच्या भट्टीसमोर किती असतं ते तुम्हाला माहीत. पट्ट्यातली मधली गोळी (मोजणारा भाग) निघते असला घ्या, रबरातनं काढून पँटच्या खिशात टाका, पावलं बऱ्यापैकी पडतात. ठोके येणार नाहीत, नकोत पण.

घामाचं पण बघा, रोज रात्री पट्टा साध्या पाण्यानं धुवून मनगट कोरडं करायचं नाहीतर पुरळ उठतंय. बांधायचा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, हलणार नाही एवढा घट्ट. हाडावर सैल बांधून ठोके चुकीचे येतात म्हणून बोंब मारणारे लई आहेत.

कॅम्प_लांबपल्ला
आणि पाण्यात टिकायची खूण म्हणून ५ एटीएम लिहिलेलं बघा, नुसतं आयपी६८ असेल तर पावसात चालेल पण पोहायला नको. गरम पाण्याच्या आंघोळीला दोन्ही नको, साबणानं आतलं रबर खराब होतंय. (गार्मिनचा विषय मी सोडलेला नाही, पुढच्या वर्षी बोलू.)

फौंड्रीवाला_अनगोळ
अपडेट. घेतलो एकदाचं. पट्टा आहे, गोळी निघणारा, ३००० च्या आत बसला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही वाचाल तोवर दुसरं आलेलं असतंय. कसं बघून घेतलो ते सांगतो. दुकानात माझ्या फोनला जोडायला लावलो आणि घरी फोन करून सांगितलो, मराठीत मेसेज टाक. पहिल्या पट्ट्यावर आठ चौकोन आले. दुसऱ्यावर स्वच्छ वाचता आलं, ‘येताना कोथिंबीर आणा’, त्यातला ‘थिं’ जरा फुटलेला, पण कळतंय. दुकानदार म्हणाला इतक्या वर्षात असं कुणी तपासलं नव्हतं. कोथिंबीर विसरलो हे वेगळं.

आठ दिवसात कळलेली गोष्ट म्हणजे डेपोच्या ज्याला मी पाऊण तास समजत होतो ते २२ मिनिटं होती. बाकीचा चहा. मुलीला दाखवलो नाही अजून.

वडिलांचं बीपी मशीन पण बघुलोय, ते जाड आहेत, दंडाला पट्टा पुरत नाही असं मेडिकलवाला म्हणाला. खरं काय?

लॅबवाली_शहापूर
खरंय. टेपनं दंडाचा मधला घेर मोजा. खोक्यावर कफचा, म्हणजे त्या दंडाच्या पट्ट्याचा, साईज सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो, साधा कफ बहुतेक २२ ते ३२ चा येतो, घेर त्याच्या वर असेल तर मोठा कफ मागा, लहान कफनं आकडा उगाच जास्त दाखवतो. मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा, हात छातीच्या उंचीला, अर्ध्या तासात चहा नको. तुमच्या घरात हे शेवटचंच अवघड आहे बघा.