पोलोत पैसे देणारा स्वतःच मैदानात कसा?

प्रश्न: जानेवारी 2024 मध्ये निक डनलॅप हौशी असतानाच पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेची स्पर्धा जिंकला, पण हौशी म्हणून त्याला बक्षीस घेता आलं नाही आणि विजेत्याचे 15 लाख डॉलर दुसऱ्या आलेल्या बेझुइडेनहाउटला गेले. गोल्फ एवढं कडक, मग पोलोत हौशी आणि व्यावसायिक एकाच संघात कसे?

उत्तर 1: पोलोत मुख्य पैसा बक्षिसाचा नसतो, पॅट्रनच्या, म्हणजे संघाचा खर्च उचलणाऱ्या धन्याच्या खिशातला असतो. तो व्यावसायिकांना मानधन देतो आणि चौघांतला एक म्हणून खेळतो. प्रत्येक खेळाडूला कौशल्यानुसार हँडिकॅपचा आकडा असतो, तो ‘गोल’मध्ये मोजतात. 22 गोलांच्या स्पर्धेत चौघांच्या हँडिकॅपची बेरीज 22 च्या वर जाता कामा नये. 10 गोलांचे दोघे घेतले की बाकी दोघांना मिळून फक्त 2 उरतात. शून्य गोलाचा पॅट्रन तिथे चपखल बसतो.

उत्तर 2: मी तबेल्यात काम केलंय, म्हणून सांगतो, खरी दरी घोड्यांची आहे. चक्कर, म्हणजे खेळाचा एक डाव, जेमतेम सात मिनिटांचा, पण जनावर पार दमतं, पुढच्या चक्करला दुसरा घोडा लागतो. म्हणजे खेळाडू एक, आणि चारा, नाल, मोतद्दार, डॉक्टर, ट्रक अनेक घोड्यांचे. गोल्फमध्ये दिल्लीचा अली शेर कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा होता, त्याने 1991 ची इंडियन ओपन जिंकली. मोतद्दाराच्या पोराला तशी वाट मिळावी असं मला मनापासून वाटतं. पण घोडे कोण देणार?

प्रश्नकर्ता: आणि पॅट्रननेच अंग काढून घेतलं तर?

उत्तर 1: संघ मोडतो, खेळाडू नवा पॅट्रन शोधतात. पण पॅट्रन मैदानात नाही असेही संघ असतात: ब्युनोस आयर्समधल्या पालेर्मोची अर्जेंटाईन ओपन बघा, तिथे वरचे संघ निव्वळ व्यावसायिकांचे असतात.