वर्गासाठी टॅबलेट: पैसे कुठून उभे करावेत आणि आले तर वापरावेत कसे? सल्ला हवा आहे

शाईदौत

नमस्कार मंडळी. मी तिसरीला शिकवते, पट ३४. वर्गाला काही टॅबलेट मिळावेत म्हणून निधीचा प्रस्ताव लिहायचा आहे आणि तो मीच लिहावा असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. असलं काही आधी कधी लिहिलेलं नाही.

हे डोक्यात आलं ते एका जुन्या फोनमुळे. एका पालकांनी वापरात नसलेला फोन वर्गाला दिला. सिम नाही, नेट नाही. मी त्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करायची सोय ठेवली. वर्गात एक मुलगी आहे, उभं राहून वाच म्हटलं की ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. ती फोन घेऊन खिडकीजवळ बसली, अख्खा धडा वाचला, ऐकला, पुसला, परत वाचला. तिसऱ्या खेपेला माझ्याकडे आली, "बाई, आता ऐका." जूनपासून माझ्या वर्गात आहे ती, पण तिचं वाचन मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

एका फोनवर सगळ्यांची पाळी यायला दोन आठवडे लागतात. म्हणून विचारते: किती मागावेत? (प्रत्येकाला एक हवा, असं काही सहकाऱ्यांचं ठाम मत आहे.) कोणाकडे मागावेत? आणि हातात आल्यावर पहिला महिना कसा काढावा?

पाटीपेन्सिल

बाई, प्रत्येकाला एक मागू नका. मिळाले तरी नको.

आधीच्या शाळेत माझ्या वर्गात प्रत्येक मुलाकडे टॅबलेट होता. तास सुरू झाला की सगळ्यांच्या माना खाली. कोण अडलंय ते चेहऱ्यावरून कळायचं, तेच बंद झालं. नंतरच्या शाळेत वर्गाला आठ मिळाले आणि मला ते जास्त मानवले. अर्धा वर्ग जोडीजोडीने टॅबलेटवर, उरलेला अर्धा माझ्याजवळ गोल करून. वीस मिनिटांनी अदलाबदल. तुमच्या ३४ च्या पटाला हे बरोबर बसतं: एका वेळी १७ मुलं, सात जोड्या आणि एक तिघांचा गट.

जोडीत एक नियम ठेवा. ज्याच्या हातात टॅबलेट त्याने बोलायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं. मग पाच मिनिटांनी उलट. पहिले चार-पाच दिवस भांडणं होतील, होऊ द्या. नंतर "वरचा नाही, त्याच्या डावीकडचा, हिरवा" असली नेमकी वाक्यं ऐकू यायला लागतात. तिसरीच्या मुलाला शब्दांत वाट दाखवता येणं हा भाषेचा केवढा मोठा अभ्यास आहे!

जमाखर्च

मी बरीच वर्षं एका न्यासाच्या निधी समितीवर होते. शाळांचे अर्ज वाचून निवडायचे हेच काम. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

बहुतेक अर्ज एकसारखे असायचे. 'आधुनिक युगात तंत्रज्ञान ही काळाची गरज आहे', मग दोन पानं तेच, शेवटी आकडा. आम्ही असे अर्ज बाजूला ठेवायचो, कारण पैसे दिल्यावर वर्गात काय बदलेल हे त्यातून कळायचं नाही. तुम्ही वर लिहिलेला खिडकीजवळच्या मुलीचा परिच्छेद (नाव अर्थातच न घेता) अर्जाची पहिली ओळ करा. त्याखाली लिहा: अशी किती मुलं आहेत, आज त्यांना आठवड्यातून किती वेळा मोठ्याने वाचायला मिळतं, टॅबलेट आले तर किती वेळा मिळेल, आणि वर्षअखेरीला तुम्ही काय दाखवाल. जूनचं रेकॉर्डिंग आणि मार्चचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकवणं यापेक्षा चांगला पुरावा मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट, खर्च तीन वर्षांचा मांडा. नुसत्या टॅबलेटचा आकडा देणारी शाळा सहा महिन्यांनी कव्हरसाठी परत येते, आणि दुसऱ्यांदा हो म्हणणं समितीला जड जातं. जाड रबरी कव्हर, काचेवरचं संरक्षण, हेडफोन, चार्जिंगची पट्टी, कुलपाचं कपाट, दुरुस्तीसाठी राखीव रक्कम आणि एक जास्तीचा टॅबलेट, हे सगळं पहिल्याच अर्जात घाला. वस्तू शाळेच्या नोंदवहीत चढणार, तुमच्या नावावर नाही, हेही लिहा. तुमची बदली झाली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न समिती विचारतेच.

कोणाकडे मागावं? आधी माजी विद्यार्थी आणि पालक. रक्कम छोटी आली तरी चालेल, कारण 'गावानेच सुरुवात केली आहे' हे पुढच्या देणगीदाराला दिसतं. मग रोटरीसारखे क्लब (मूलभूत शिक्षण आणि साक्षरता हे रोटरीच्या ठरलेल्या कार्यक्षेत्रांपैकी एक आहे), बँका, कंपन्यांचा समाजकार्याचा निधी. अमेरिकेत एका शिक्षकाने २००० साली डोनर्सचूझ सुरू केलं. तिथे शिक्षक आपल्या वर्गाची नेमकी गरज मांडतात आणि अनोळखी माणसं छोट्या छोट्या रकमा देतात. आपण त्यातून एवढंच उचलायचं की 'डिजिटल वर्ग' मागू नये, 'वाचनासाठी आठ टॅबलेट' मागावेत.

सुपारीचं_खोड

वाचतोय. जमाखर्च ताई, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

तारजोडणी

यंत्राच्या बाजूचं माझ्याकडून.

घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: याला सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षं मिळणार? स्वस्त मिळतो म्हणून घेतलेल्या जुन्या मॉडेलवर वर्ष-दोन वर्षांत ॲप चालेनाशी होतात. दुसरं म्हणजे हेडफोनचं गोल छिद्र आहे का ते हाताने तपासा. बऱ्याच नव्या टॅबलेटना ते नसतं, आणि सतरा मुलांसाठी ब्लूटूथ हेडफोन जोडत बसणं म्हणजे तास गेला. छिद्र असेल तर साध्या दुहेरी जोडणीने जोडीतली दोन्ही मुलं एकाच टॅबलेटवर ऐकू शकतात. हेडफोन मुलांसाठीचे, आवाजाला मर्यादा असलेले घ्या.

दान म्हणून जुने फोन येणार असतील तर देणाऱ्याला समोर बसवून त्याचं खातं फोनमधून काढायला लावा, मगच रीसेट करा. आधी रीसेट केलं तर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि तो माणूस सापडेपर्यंत फोन निरुपयोगी. आयपॅडचंही तसंच. पाठ फुगलेला, पडदा वर उचललेला फोन मात्र घेऊच नका, कितीही आग्रह झाला तरी. ती फुगलेली बॅटरी असते, पेट घेऊ शकते.

वर्गात वापरताना अँड्रॉइडवर ॲप पिन करा, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस लावा. मूल त्या एका ॲपच्या बाहेर जात नाही. स्वतःचं वैयक्तिक खातं कधीही टाकू नका, तुमचे फोटो आणि निरोप मुलांसमोर उघडतील. शाळेच्या नावाने वेगळं खातं काढा.

नेट नसलं तरी अडत नाही. कोलिब्री नावाची मोफत प्रणाली एका साध्या संगणकावर ठेवली की वर्गातल्या वायफायवरून सगळ्या टॅबलेटना धडे आणि व्हिडिओ मिळतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. किविक्स या मोफत ॲपवर विकिपीडिया उतरवून ठेवता येतो.

चार्जिंग शाळा चालू असताना, कोणीतरी जागेवर असताना करा. बंद कपाटात रात्रभर नको. मोठ्या सुट्टीला जाताना बॅटरी साधारण निम्मी ठेवून बंद करा. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून महिनाभर ठेवली की बॅटरीचं आयुष्य घटतं.

जुनी_बालवाडी

माझा सूर वेगळा आहे, राग मानू नका. तीस वर्षं लहान मुलांत घालवली.

पेरूमध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना राबवली, तिचा अभ्यास २०१२ मध्ये आला. ३१९ ग्रामीण शाळा पाहिल्या. मुलांना यंत्र वापरता यायला लागलं, विचारकौशल्याच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. यंत्रं पोचली, शिकवण्यात काही बदललं नाही. माझी काळजी तीच आहे. शिवाय तिसरीतल्या मुलाच्या बोटांना पेन्सिलीची पकड हवी, मातीची हवी. काचेवर बोट फिरवून अक्षर वळत नाही.

पाटीपेन्सिल

बालवाडी ताई, राग कसला, हे बोललंच पाहिजे. दुसरी बाजूही मांडतो. २०१९ मध्ये ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ या स्पर्धेचा निकाल लागला. टांझानियात शाळा जवळ नसलेल्या गावांतल्या मुलांना नेटशिवाय चालणारे टॅबलेट दिले होते आणि ती मुलं स्वाहिली वाचायला, गणितं करायला शिकली. वनबिलियन आणि किटकिट स्कूल या दोन संघांना पहिलं बक्षीस विभागून मिळालं. फरक कशाने पडला असेल? माझ्या मते, तिथे धडे मुलांच्या भाषेत आणि पायरीपायरीने बांधलेले होते. नुसतं यंत्र हातात ठेवलेलं नव्हतं.

लिहिण्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. माझ्या वर्गात टॅबलेटवर लेखन होत नाही.

बांधावरची_शाळा

ॲपच्या मागे लागण्याआधी कॅमेरा वापरा हो! माझं इतक्या वर्षांचं मत असं झालंय की टॅबलेटमधली सगळ्यात मोलाची दोन साधनं त्यात आधीपासूनच असतात, कॅमेरा आणि माईक.

आम्ही मूग पेरले. रोज एकाच जागेवरून, शेजारी पट्टी उभी करून एक फोटो. बारा दिवसांनी फोटो भराभर सरकवून पाहिले तेव्हा रोप डुलत, वळत उजेडाकडे गेलेलं मुलांना दिसलं. "सर, ते खिडकीकडे बघतंय!" मग वहीत तारीख, उंची, आलेख. सावलीचंही तसंच केलं, दर तासाला एक फोटो. चित्रं काढून त्यांच्यामागे मुलांनी स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगितली. यातल्या कशालाच काही उतरवून घ्यावं लागलं नाही.

ॲप हवंच असेल तर स्क्रॅचज्युनियर पाहा. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी केलंय, पण तिसरीलाही आवडतं. वाचता न येणारं मूलही पडद्यावरचे ठोकळे जोडून चित्रातल्या मांजराला चालवतं. जीकॉम्प्रीही मोफत आहे, जाहिराती नाहीत. जाहिरात दिसणारं एकही ॲप वर्गात नको, याबाबत मी अजिबात ऐकत नाही.

एक महत्त्वाचं. मुलांचे आवाज आणि फोटो ही त्यांची गोष्ट आहे. पालकांची लेखी संमती घ्या, कुठल्याही गटावर टाकू नका, वर्ष संपलं की पालकांना देऊन टॅबलेटवरून पुसा.

शाईदौत

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते. बालवाडी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून एक ठरवलं: टॅबलेट आठवड्यातून तीनच दिवस, वाचन आणि निरीक्षण याच कामांना. हे अर्जातही लिहिणार.

आठ अधिक एक, असे नऊ मागते. सुरुवात अशी लिहिली आहे, बघाल का?

"माझ्या तिसरीच्या वर्गात ११ मुलं इतरांसमोर मोठ्याने वाचत नाहीत. त्यांतली एक मुलगी एका जुन्या फोनसमोर पूर्ण धडा वाचते. उरलेल्या दहा जणांना तशी संधी मिळावी आणि त्यांच्यासह संपूर्ण वर्ग डिजिटल युगात आत्मविश्वासाने पाऊल टाकावा, यासाठी आम्ही नऊ टॅबलेट मागत आहोत."

जमाखर्च

पहिली दोन वाक्यं उत्तम. तिसऱ्यातून 'डिजिटल युगात आत्मविश्वासाने पाऊल' काढा. 'उरलेल्या दहा जणांना तशी संधी मिळावी यासाठी' इथून थेट मागणीवर या.

शाईदौत

काढलं. उद्या मुख्याध्यापकांकडे देते. हेडफोन १७ लिहू की २०?

तारजोडणी

२०. आणि दुहेरी जोडण्या १०, त्या फार लवकर तुटतात.