'फायरबग'ला मराठीत 'आगलाव्या' म्हटलं तर काय बिघडलं?

दादरची_अनुवादक
मी इंग्रजी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिते. परवाच्या भागात एक हवालदार साहेबांना सांगतो की गावात 'फायरबग' फिरतोय. मी लिहिलं, 'गावात आगलाव्या फिरतोय.' तपासणाऱ्याने लाल रेघ मारली: 'आगलाव्या म्हणजे भांडणं लावणारा. माथेफिरू करा.'

मला हे पटत नाही. फायरबग हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन बोलीतला शब्द. पुन्हा पुन्हा मुद्दाम आगी लावणारा, असा त्याचा अर्थ. त्यातला 'बग' म्हणजे एखाद्या गोष्टीने झपाटलेला माणूस. सतत फोटो काढणाऱ्याला 'शटरबग' म्हणतात तसा. आपल्याकडे आग लावणारा तो आगलाव्या, इतका सरळ शब्द असताना 'माथेफिरू' कशाला? त्यात आग कुठे आहे? चाकू घेऊन धावणाराही माथेफिरूच.

लालबाग_तिसरा_मजला
ताई, तपासणाऱ्याचं बरोबर आहे. आमच्या चाळीत 'आगलावी' म्हटलं की सगळ्यांच्या माना एकाच खोलीकडे वळतात, आणि त्या काकूंनी आयुष्यात गॅसशिवाय काही पेटवलेलं नाही. शब्द कोशात काय होता याला महत्त्व नाही, नळावर काय झाला ते बघा. तुमचं वाक्य वाचून मला वाटेल, गावात कोणी चहाडखोर आलाय आणि पोलीस त्याच्या मागे का लागलेत!

दादरची_अनुवादक
अहो, इंग्रजीतही हेच झालंय. 'इन्सेन्डियरी' म्हणजे आग लावणारा आणि भडकवणाराही. दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, कुठला घ्यायचा ते संदर्भ ठरवतो. पडद्यावर गोदाम जळताना दिसत असेल तर प्रेक्षक चहाडखोर कसा समजेल?

काळा_कोट_फोर्ट
मुळात हलकाफुलका शब्दच नको. फायरबग म्हटलं की खोडकर पोरगं डोळ्यांसमोर येतं. जुन्या दंडसंहितेच्या ४३६ कलमात राहतं घर पेटवून देणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा न्याय संहितेच्या ३२६ मध्ये आलाय. कायद्याच्या मराठीत त्याला 'आगीने आगळीक' म्हणतात. (आगळीक! घर जळून कोळसा झालं तरी आगळीकच. पण ते असो.)

दादरची_अनुवादक
वकीलसाहेब, हवालदार चहा पिताना बोलतोय, दोषारोपपत्र वाचत नाहीये.

मुलुंडकर_मूळ_यवतमाळ
विषयांतर करतो. फायरबग नावाचा खरा किडा आहे, युरोपात, लाल-काळा. त्याच्याच कुळातला आपल्याकडचा लाल ढेकूण कापसावर पडतो, बोंडातल्या सरकीचा रस शोषतो आणि रुईला डाग पाडतो. आगीशी संबंध फक्त रंगापुरता. तेव्हा कोणी 'आगकिडा' सुचवणार असेल तर विदर्भातला प्रेक्षक आधी फवारणीचा पंप शोधेल.

विरार_फास्ट
मी तेच सुचवणार होतो 😄 पण ऐका तरी. मुंबईत 'काय किडे करतोयस?' म्हणजे काय? उगाच केलेल्या उचापती. 'त्याच्या अंगात किडा आहे' म्हणजे स्वस्थ बसवत नाही. इंग्रजीतल्या 'बग'ची खोड आपल्या किड्यात तशीच आहे. 'आगकिड्या' लिहा, वर्षभरात रुळेल.

लालबाग_तिसरा_मजला
रुळेल तेव्हा रुळेल. आज वाचणाऱ्याचं काय?

नाट्यवेडा_माटुंगा
हा शब्द सगळ्या इंग्रजीचाही नाही. माक्स फ्रिश यांचं १९५८चं जर्मन नाटक ब्रिटनमध्ये 'द फायर रेझर्स' नावाने आलं, अमेरिकेत 'द फायरबग्ज' नावाने. इंग्रज 'आग उठवणारा' म्हणतो, अमेरिकन किडा म्हणतो. मग आपण किडाच का उचलायचा?

पार्किंगग्रस्त
मला 'माथेफिरू'वरच बोलायचंय, कारण त्याचा चटका बसलाय. आमच्या इमारतीखाली रात्री तीन वाजता चार दुचाकी जळाल्या, त्यात माझीही. सकाळी बातमी आली, 'माथेफिरूने दुचाकी पेटवल्या'. पोलिसांना तेव्हा माणूसही सापडला नव्हता, मग माथं फिरलंय हे कुणी तपासलं? पुढे निघालं की जागेवरून झालेल्या भांडणाचा राग होता. डोकं अगदी ठिकाणावर. आधी बाटलीत पेट्रोल भरून आणलेलं. मानसोपचारातही राग, सूड, पैसा किंवा पुरावा नष्ट करणं यांसाठी लावलेली आग 'पायरोमेनिया'त, म्हणजे आगी लावण्याच्या मानसिक विकारात, धरत नाहीत. तेव्हा कृती सांगणारा शब्द वापरा, म्हणजे आगलाव्या. डोक्याचं डॉक्टर बघतील.

काळा_कोट_फोर्ट
हे मात्र मान्य. पण मग तुमचा मुद्दा ताईंच्याच विरुद्ध जातो. फायरबगमध्ये डोक्याबद्दलचा आरोप आहेच, झपाटलेपणाचा. पैसे घेऊन पेटवून देणाऱ्याला ते लोक बोलीत 'टॉर्च' म्हणतात, निराळा शब्द आहे. आगलाव्यात हा फरक उरत नाही.

दादरची_अनुवादक
हं. इथे मी अडकले. खरंच उरत नाही.

शिवडीची_मावशी
एवढं नामावरून का भांडताय? क्रियापद आहे की. 'गावात कोणीतरी आगी लावत सुटलंय.' या 'सुटलंय'मध्ये झपाटलेपण आलं, पुन्हा पुन्हा लावणं आलं, आणि नळावरच्या काकूही वाचल्या.

विरार_फास्ट
मावशी 🙏

लालबाग_तिसरा_मजला
हे मला कळलं. म्हणजे कुणालाही कळेल.

दादरची_अनुवादक
मावशी, अक्षरं मोजली, ओळीत बसतंय. आजच बदलते. पण सहाव्या भागात तो हवालदार त्याची कॉलर धरून तोंडावर 'फायरबग' म्हणतो, एकच शब्द. तिथे 'सुटलंय' कुठे घालू?

शिवडीची_मावशी
तिथे आगलाव्या घाल. कॉलर धरल्यावर सगळ्यांना कळतं.

लालबाग_तिसरा_मजला
आमच्याकडे कॉलर धरतात तीही चहाडखोराचीच, मावशी.